पन्नाशीनंतर धावणं, पियानो आणि मैत्री: पुन्हा पुन्हा सुरू करणाऱ्यांसाठी

तिन्ही गोष्टी एकाच सोमवारी सुरू करू नका. हे आधीच सांगते, कारण मनावर घेणारी माणसं नेमकं तेच करतात. नवे बूट, नवा कीबोर्ड आणि जुन्या मित्रांची यादी, सगळं एका आठवड्यात. पुढच्या आठवड्यात पोटऱ्या आखडतात, पाठ धरते, दोघांनी फोन उचललेला नसतो, आणि तिन्ही बेत एकदमच बारगळतात.

मी पन्नासाव्या वर्षी धावायला लागले आणि त्रेपन्नाव्या वर्षी पियानोसमोर बसले. मैत्री ही मुद्दाम लक्ष देऊन सांभाळायची गोष्ट आहे, हे त्याहूनही उशिरा कळलं. आता साठी उलटली. या काळात माझं धावणं चार वेळा पूर्ण थांबलं, पियानो दोनदा, आणि काही मित्र इतके हळूहळू लांब गेले की नेमके कधी ते सांगता येणार नाही. नवशिक्यांना सगळे ‘सातत्य ठेवा’ एवढंच सांगतात. वय वाढतं तसे खंड वाढत जातात, हे कुणी सांगत नाही. गुडघा कुरकुरायला लागतो, डोळ्याचं ऑपरेशन होतं, घरात कुणीतरी अंथरुणाला खिळतं, मित्र मुलाकडे राहायला दूर निघून जातो. खंड पडणारच. तेव्हा सुरुवातच अशी करायची, की पुढे पुन्हा सुरुवात करणं सोपं जाईल.

आधी एक वही आणि ‘किमान’

एक साधी वही घ्या. तिच्या पहिल्या पानावर तिन्ही गोष्टींचं ‘किमान’ लिहा. किमान म्हणजे झोप झालेली नाही, अंग मोडून आलंय, कशाचीच इच्छा नाही, अशा दिवशीही जमेल एवढंसं काम. माझं असं आहे: बूट घालून दहा मिनिटं चालणं, पियानोवर एक ओळ, एका माणसाला दोन वाक्यांचा निरोप.

हे किमान इतकं लहान असावं की दुसऱ्याला सांगताना थोडी लाज वाटावी. आणि महत्त्वाचं म्हणजे, बरे दिवस आले की ते वाढवायचं नाही. मी एकदा वाढवलं होतं. दहा मिनिटांची पंचवीस केली, आणि सर्दी झाली त्या आठवड्यात ती पंचवीस मिनिटं डोंगराएवढी वाटली. त्या वेळी पडलेला खंड तीन महिने चालला.

क्रम असा ठेवा. पहिले दोन-अडीच महिने फक्त धावणं. ते अंगवळणी पडलं की पियानो. मित्रांचं काम मात्र पहिल्या दिवसापासून, कारण त्याला दम लागत नाही.

धावणं: पहिल्या दिवसापासून

हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल, जिना चढताना छातीत दडपण येत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. बाकीच्यांनीही वर्षांनुवर्षं हालचाल केली नसेल तर आधी तीन-चार आठवडे नुसतं भरभर चालावं. हे चालणं धावण्यातच धरा. वाया काही जात नाही.

मग पहिला दिवस. पाच मिनिटं भरभर चाला. नंतर एक मिनिट धावणं, दीड मिनिट चालणं, असं वीस मिनिटं. शेवटी पाच मिनिटं सावकाश चालणं. आठवड्यातून तीन दिवस, आणि दोन धावण्यांमध्ये निदान एक दिवस मोकळा. हा आराखडा १९९६ मध्ये जॉश क्लार्क याने आखला. पन्नाशीतल्या आपल्या आईला सोफ्यावरून उठवून धावायला लावायचं, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे मुळात तो आपल्यासारख्यांसाठीच आहे. ‘काउच टू फाइव्ह के’ या नावाची ॲप फोनवर सहज मिळतात. दर आठवड्याला धावण्याचा वेळ वाढतो, चालण्याचा कमी होतो, आणि नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास धावता यावं असा त्याचा हिशोब आहे.

मी नऊ आठवड्यांचे अठरा केले. प्रत्येक आठवडा दोनदा. ‘नव्याचे नऊ दिवस’ हे मनाचं खरं असेल, पण हाडांना आणि स्नायूंना जोडणाऱ्या दोऱ्यांना, म्हणजे कंडरांना, नऊ दिवस कशालाच पुरत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतात. कंडरांना आणि हाडांना महिने लागतात, आणि वयानुसार आणखी जास्त. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यात एक फसवा काळ येतो. दम पुरतो, उत्साह असतो, आणि नेमकी तेव्हाच टाच किंवा नडगी दुखायला लागते. ॲप ‘पुढच्या आठवड्यात चला’ म्हणालं तरी तुम्ही मागच्याच आठवड्यात राहिलात तर त्याला काही वाटत नाही.

वेग किती? धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्दच निघत असतील तर वेग जास्त झाला. शेजारून भरभर चालणारा कुणी पुढे गेला तरी जाऊ द्या. हातावरचं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवतं, त्याच्या फार आहारी जाऊ नका. ‘२२० वजा वय’ या जुन्या सूत्राने साठीच्या माणसाचे कमाल ठोके १६० येतात. २००१ मध्ये मांडलेल्या नव्या सूत्राने, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, तेच १६६ येतात. दोन्ही सरासऱ्या आहेत, आणि एखाद्याचे खरे ठोके त्याहून दहा-बारा इकडेतिकडे सहज असतात. शिवाय रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळात फारसे वर चढत नाहीत, त्यामुळे आकडा बघून तुम्ही नको इतकं पळाल. बोलण्याची कसोटी गोळ्यांनी बिघडत नाही.

लोक गुडघ्यांबद्दल विचारतातच. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, बैठ्या माणसांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धेसाठी जिवाच्या आकांताने धावणाऱ्यांमध्ये मात्र तो १३.३ टक्के होता. यावरून धावल्यानेच गुडघे वाचतात असं कुणी म्हणू नये, कारण ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावायला येतच नाहीत. पण बेताने धावल्याने गुडघे झिजतात ही भीतीही बाजूला ठेवायला हरकत नाही.

दुखण्यातला फरक ओळखायला शिका. दोन्ही पाय सारखेच जड झालेत आणि एक-दोन दिवसांत हलके होतात, हे चालायचंच. एकाच बाजूला, एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतंय, धावताना ते वाढतंय, किंवा त्यामुळे चाल बदलतेय, तर त्या दिवशी तिथेच थांबा आणि चालत घरी या. हाडावर बोट दाबलं की कळ येते आणि ती आठवडाभर जात नाही, तर डॉक्टरांकडे जा. छातीत आवळल्यासारखं होणं, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके वेडेवाकडे पडणं, यात ‘बघू थोडं’ अजिबात नाही. जागच्या जागी थांबायचं आणि मदत मागायची.

आता धावण्याचा कंटाळवाणा भाग, जो मी पहिली दोन वर्षं टाळला आणि ज्याची किंमत दोन खंडांनी मोजली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमांची हालचाल सांगितली आहे, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे. त्यासाठी जिमला जायलाच हवं असं नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, पंधरा वेळा. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश खाली नेणं आणि वर आणणं, पंधरा वेळा, कठडा धरून. दात घासताना एका पायावर उभं राहणं, भिंत हाताशी ठेवून. हे इतकं मामुली दिसतं की कुणी करत नाही.

बुटांबद्दल फार बोलत नाही. दुकानात चार पावलं धावून पाहिल्यावर जो पायाला बरा वाटेल तो घ्या, साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदला. वयानुसार तहान कमी जाणवते, म्हणून निघण्याआधी पाणी प्या.

उदाहरण म्हणून सगळे फौजा सिंग यांचं नाव घेतात, आणि ते खरंच थक्क करणारं आहे. ८९व्या वर्षी, २००० साली, लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन. मला मात्र कॅनडाचे एड व्हिटलॉक जास्त जवळचे वाटतात. तरुणपणी सुटलेलं धावणं त्यांनी चाळिशीत पुन्हा धरलं. घराजवळच्या दफनभूमीतल्या छोट्याशा रस्त्यावर ते फेऱ्या मारत, कधी कधी सलग तीन तास, अगदी संथ. दुखापतींनी त्यांचेही लांब खंड पडले. २००३ मध्ये ७२व्या वर्षी त्यांनी मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर २ तास ५९ मिनिटं १० सेकंदांत संपवले. सत्तरीनंतर तीन तासांच्या आत येणारे ते पहिलेच. पुढच्या वर्षी, ७३व्या वर्षी, वेळ आणखी कमी केली: २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंद. आपल्याला त्यांच्या वेळा नकोत. त्या कंटाळवाण्या फेऱ्या मात्र घेण्यासारख्या आहेत. जागा शोधायची नाही, गाडी काढायची नाही, दारातून बाहेर पडलं की सुरू.

आकड्यांची आवड असेल तर स्वतःच्या जुन्या वेळांशी तुलना करू नका, त्यात हरणं ठरलेलं आहे. वय आणि लिंगानुसार वेळेचं मूल्यमापन करणारे तक्ते ज्येष्ठ धावपटूंसाठी असतात. त्यात तुमची वेळ तुमच्या वयाच्या उत्तम वेळेच्या किती टक्के आहे ते कळतं. माझी पाच किलोमीटरची वेळ दहा वर्षांत चार मिनिटांनी वाढली, टक्केवारी मात्र एका अंकाने सुधारली. मी घरात सगळ्यांना टक्केवारीच सांगते.

पियानो: कान पन्नास वर्षांचा, बोटं दोन महिन्यांची

मोठेपणी वाद्य शिकताना खरी अडचण बोटांची नसते. लहान मुलाला आपण किती वाईट वाजवतोय हे कळत नाही. आपल्याला कळतं. पन्नास वर्षं चांगलं संगीत ऐकून कान तयार झालेला असतो, आणि बोटं मात्र काल जन्मलेली. हे अंतर सहन करणं हाच पहिल्या वर्षाचा अभ्यास. यावर मला सापडलेला एकच उपाय म्हणजे महिन्यातून एकदा फोनवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं, आणि ते तीन महिन्यांनी ऐकायचं. त्याच दिवशी ऐकलं तर वाद्य विकायला काढाल.

वाद्य आधी उसनं किंवा भाड्याने मिळतंय का बघा. पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. सुरुवातीचे कित्येक महिने ६१ पट्ट्यांतही काम भागतं. पट्ट्यांच्या संख्येपेक्षा त्या दाबताना खऱ्या पियानोसारखं वजन लागतं का, हे बघा. हलक्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर बोटांना जोर कमी-जास्त करायची सवय लागत नाही. हेडफोन लावता येणारा डिजिटल पियानो असेल तर पहाटेही वाजवता येतं आणि घरच्यांशी संबंध टिकतात.

आता अशी गोष्ट जी मला कुणी सांगितली नाही. चष्मा. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटीमीटरवरच्या पुस्तकासाठी असतो, आणि पियानोवरचा कागद ६० ते ७० सेंटीमीटरवर. त्यामुळे स्वरांच्या रेषा एकमेकींत मिसळतात, माणूस पुढे वाकतो आणि मान दुखते. दुभागी किंवा प्रोग्रेसिव्ह काचांमधून बघायला हनुवटी वर करावी लागते, तेही वाईटच. मी चार महिने मानदुखीला पियानोचा दोष समजत होते. पियानोसमोर बसून डोळ्यांपासून कागदापर्यंतचं अंतर टेपने मोजा, तो आकडा डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. तोवर कागद मोठा करून छापा.

बसताना खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाय जमिनीवर टेकलेले, कोपरं पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर. खांदे कानांकडे सरकलेत का, हे मधूनमधून बघा. माझे सरकतात.

पहिला महिना असा घालवा:

१. पहिला आठवडा फक्त उजवा हात. बोटांना अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १ ते ५ असे क्रमांक असतात, दोन्ही हातांना अंगठा म्हणजे १. दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी, ज्याला पेटीवाले पांढरी एक म्हणतात. तिथून ओळीने पाच पांढऱ्या पट्ट्या, पाच बोटं, पुढे-मागे.

२. दुसऱ्या आठवड्यात तेच डाव्या हाताने. तो ऐकणार नाही. त्याला वेळ द्या.

३. तिसऱ्या आठवड्यात एखादी सोपी चाल, एक हात झाला की दुसरा. मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून लय धरून देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर, अडखळलात तर ५० वर.

४. चौथ्या आठवड्यात दोन्ही हात एकत्र, पण फक्त एक ओळ. दोन नाही.

रोज पंधरा मिनिटं पुरे. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा ती कितीतरी उपयोगाची, कारण हातांनी शिकलेलं झोपेत पक्कं होतं आणि आठवड्यात सात रात्री असतात. एखादी जागा पुन्हा पुन्हा चुकत असेल तर सुरुवातीपासून वाजवू नका. चुकणाऱ्या जागेआधीचे दोन स्वर आणि नंतरचे दोन, एवढंच घ्या, निम्म्या वेगाने. सलग तीनदा बरोबर आलं की उठा. शक्य असेल तर महिन्यातून दोनदा तरी शिक्षकासमोर बसा. मनगटाची चुकीची ठेवण व्हिडिओ बघून स्वतःला दिसत नाही.

बोटांत मुंग्या येणं, बधिरपणा, अंगठ्याच्या मुळाशी कळ, यातलं काही झालं तर त्या दिवशी झाकण बंद. एक सप्तक म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटीमीटर. हात तितका ताणला जात नसेल तर ओढू नका. दोनपैकी एक स्वर सोडून द्या किंवा दोन्ही एकामागून एक वाजवा. आयत्या वेळी स्वर सोडणं हे पाप नाही.

यावरून आर्थर रुबिनस्टाइन यांची गोष्ट. हे पियानोवादक १९७६ मध्ये, ८९व्या वर्षी, लंडनच्या विगमोर हॉलमध्ये शेवटचे वाजवायला बसले. तोवर त्यांची दृष्टी बरीच गेलेली होती. म्हातारपणी हे जमतं कसं, याची त्यांनी सांगितलेली कारणं मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी पुढे आपल्या लेखनात वापरली. एक, ते पूर्वीपेक्षा कमी रचना वाजवत. दोन, त्या थोड्या रचनांचा रियाज जास्त करत. तीन, आणि ही खरी गंमत, द्रुत भाग यायच्या आधी ते मुद्दाम थोडे संथ होत, म्हणजे पुढचा भाग आहे त्याहून वेगवान वाटे. पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या दांपत्याने १९९० मध्ये वाढत्या वयाबद्दलचा जो विचार मांडला, तो याच तिन्हींचा: निवड करा, निवडलेल्यावर मेहनत घ्या, गेलेल्याची युक्तीने भरपाई करा.

मी हे वाचल्यावर वाजवायच्या रचना अकरावरून तीनवर आणल्या. तीनच, पण झोपेतून उठवलं तरी येतील अशा. धावण्यातही दहा आणि एकवीस किलोमीटरच्या स्पर्धा सोडून एक ठरलेली पाच किलोमीटरची वाट ठेवली. मित्रांच्या बाबतीत ही कात्री लावायला मन धजत नव्हतं.

मित्र: याचाही सराव लागतो

धावायला वेळापत्रक लागतं हे सगळे मानतात. मैत्री आपोआप चालेल असं मात्र आपण धरून चालतो, कारण पंचविशीपर्यंत ती खरंच आपोआप चालते. कॉलेज, नोकरी, शेजार, मुलांची शाळा, या जागा माणसांना रोज एकत्र आणत असतात, कष्ट आपल्याला पडत नाहीत. पन्नाशीनंतर या जागा एकेक करून बंद होतात आणि मग लक्षात येतं, की मैत्रीचं अर्धं काम त्या जागाच करत होत्या.

किती काम, याचा अंदाज जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने २०१८ मध्ये दिला. ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, खऱ्या मैत्रीला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आठवड्यातून एकदा तासभर एकत्र धावलात तर पन्नास तासांना एक वर्ष. म्हणजे नवे मित्र होत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी तास मोजावेत. तीन महिन्यांत ‘इथे कुणाशी जुळत नाही’ म्हणून गट सोडणारे बघितले की मला हेच सांगावंसं वाटतं.

आणि हे नुसतं मन रमवणं नाही. १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसं यांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची नाती भक्कम, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त दिसली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा १९३८ पासून चालू असलेला अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतो: पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, ते ऐंशीत जास्त धडधाकट होते.

मग करायचं काय?

वहीत नावं लिहा. पाच ते सात, जास्त नाही. यादी करताना ‘कुणाशी संबंध ठेवले पाहिजेत’ हे विचारू नका, त्याने नातेवाइकांची जंत्री तयार होते. ‘डॉक्टरांचा वाईट अहवाल हातात आला तर फोन कुणाला लावीन’ हे विचारा. वय वाढतं तसं मोजकी, जवळची माणसं हवीशी वाटणं स्वाभाविक आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी यावर बरंच काम केलंय. पुढे वेळ थोडा आहे हे कळलं की माणूस ओळखी वाढवत बसत नाही. तेव्हा यादी लहान झाली तर ती माणूसघाणेपणाची खूण समजू नका. फक्त एक करा: त्यात तुमच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान असं एखादं नाव असू द्या. सगळेच समवयस्क असले तर सगळ्यांचे गुडघे एकदमच जातात.

दुसरं, ठरलेली वेळ. ‘भेटू कधीतरी’ ही भेट होत नसते. ‘दर महिन्याचा पहिला शनिवार, सकाळी सात’ ही होते, कारण तिच्यासाठी दर वेळी कुणालाच पुढाकार घ्यावा लागत नाही. कुणी आलं नाही तरी वेळ बदलायची नाही.

तिसरं, हिशोब सोडा. ‘मागच्या वेळी मीच फोन केला होता, आता तिची पाळी’ या एका वाक्याने माझ्या दोन मैत्रिणी गेल्या. प्रत्येक गटात एक फोन करणारा असतो आणि बाकीचे उचलणारे. उचलणाऱ्यांना तुमची ओढ कमी असते असं नाही, त्यांना आठवतच नाही. तुम्ही फोन करणारे असाल तर ते तुमच्या वाट्याचं काम समजा, जसं एखाद्याच्या वाट्याला मेट्रोनोम लावणं येतं.

चौथं, भेटीला काहीतरी निमित्त ठेवा. नुसतं समोरासमोर बसून बोलायचं म्हटलं की तिसऱ्या भेटीत आजारपणं सोडून विषय उरत नाहीत. इथे धावणं कामाला येतं. वयानुसार वेग कमी होतो आणि वेग कमी झाला की बोलता येतं. शेजारी शेजारी धावताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे एरवी न बोललेल्या गोष्टी तिसऱ्या किलोमीटरला सहज बाहेर पडतात. नियम एकच, जो सगळ्यांत हळू त्याचा वेग तो सगळ्यांचा वेग. पियानोचाही उपयोग होतो. रंगमंच नको, पाहुण्यांसमोरचं प्रदर्शन तर नकोच. एका मित्राला महिन्यातून एकदा एक रचना ऐकवायची, चुकांसकट. ऐकणारा कुणी आहे म्हटलं की रियाज होतो, आणि त्यालाही यायला कारण मिळतं. माझी ऐकणारी मैत्रीण स्वरांतलं काही जाणत नाही. ती फक्त एवढंच सांगते, की या वेळी चेहरा कमी वाकडा केलास.

यादीतलं एखादं नाव कायमचं गळेल. त्या वेळी लगेच दुसरं नाव लिहायची घाई करू नका. त्याच्याबरोबर ठरलेली वेळ होती तिचं काय करायचं, हे मात्र ठरवावं लागतं. मी तो शनिवार मोकळा ठेवला, वर्षभर. मग एक दिवस त्याच वेळी चालायला निघाले.

खंड पडल्यावर

धावण्याचा खंड आठवडाभराचा असेल तर पुन्हा तिथूनच सुरू करा, पहिला दिवस हलका ठेवून. दोन ते चार आठवडे झाले असतील तर अंतर निम्मं. महिन्यापेक्षा जास्त असेल तर सरळ एक मिनिट धावणं, दीड मिनिट चालणं यावर या, मग तुम्ही पूर्वी कितीही धावत असा. हे माझे ढोबळ नियम आहेत, पण मोडले त्या प्रत्येक वेळी मला पुढचा खंड मिळाला. ताप येऊन गेला असेल तर आधी काही दिवस नुसतं चालून बघा. ऑपरेशन झालं असेल तर परवानगी डॉक्टरांची, ॲपची नाही.

पियानोवर परत बसताना खंड पडला त्या वेळी शिकत होता ती रचना पहिल्यांदा उघडू नका. ती आठवत नाही आणि जीव खट्टू होतो. त्या तीन पक्क्या रचनांपैकी सर्वांत सोपी घ्या, निम्मा वेग, हात वेगवेगळे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटं स्वतःच पुढचा स्वर शोधतात. तीन रचना ठेवायच्या त्या यासाठीच.

मित्रांकडे परतणं सगळ्यांत अवघड वाटतं आणि असतं सगळ्यांत सोपं. चार वर्षांनी निरोप पाठवताना त्या चार वर्षांचा खुलासा करू नका. लांबलचक माफी वाचणाऱ्याला तितकंच लांब उत्तर द्यावं लागतं, म्हणून तो उत्तर उद्यावर टाकतो. असं लिहा: ‘आज त्या जुन्या जिन्यावरून जाताना तुझी आठवण आली. कशी आहेस? शनिवारी सकाळी फोन करू का?’ एक आठवण, एक प्रश्न, एक वेळ. उत्तर नाही आलं तर महिन्याने आणखी एकदा, तसंच. त्यानंतर थांबा.

वहीत खंडाची तारीख लिहा, कारण लिहा, आणि परत सुरू केल्याची तारीख लिहा. चुकलेले दिवस मात्र मोजू नका. माझ्या वहीत आता सहा खंड आहेत आणि सातवा चालू आहे. डाव्या टाचेने पाच आठवडे धावू दिलेलं नाही. काल पायरीवर पंधरा वेळा टाचा वर-खाली केल्या, कळ आली नाही. उद्या दहा मिनिटं चालायचं ठरलंय. मैत्रीण बरोबर येते म्हणाली. ती स्वतः धावत नाही, पण बोलायला तिचा दम कधी कमी पडलेला नाही.